गांधीलमाशी म्हटलं की झालं?

शास्त्रीय नावं म्हणजे प्राध्यापकांच्या पोटापाण्याची सोय, असं एका विद्वान गृहस्थांनी नुकतंच ठणकावलं. त्यांचं म्हणणं असं: ही नावं उच्चारता येत नाहीत, दर पिढीत बदलतात, आणि कीटकाचं वागणं पाहायला त्यांची गरजच काय? कागदी घरटं करते ती गांधीलमाशी. विषय संपला.

उच्चाराचं सोडा. टायरॅनोसॉरस म्हणणारी पहिलीतली पोरं घरोघर आहेत.

वागणं पाहायला नाव लागत नाही, हे मात्र बंगळुरात राहून म्हणायला धाडस लागतं. इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रोपॅलिडिया मार्जिनाटा ही जात कित्येक वर्षं पाहिली, एकेका माशीच्या अंगावर रंगाचे ठिपके देऊन. हिची राणी इतकी निवांत की नुसतं बघून ओळखू येत नाही. कामकरणींना तिचं अस्तित्व गंधद्रव्यावरून कळतं. राणी उचलून घेतली की एक कामकरीण एकाएकी इतरांच्या अंगावर जाऊ लागते, आणि काही दिवसांत तीच अंडी घालते. आता त्याच वंशातली रोपॅलिडिया सायथिफॉर्मिस घ्या. तिथे राणीच दांडगट, घरटं धाकात ठेवणारी. दोघींच्या नोंदी एकाच ‘गांधीलमाशी’च्या वहीत लिहिल्या, तर राणी सकाळी गरीब आणि दुपारी मारकुटी निघेल. आमचे गृहस्थ त्यावर ‘कीटकस्वभाव आणि बंगळूरची हवा’ असा निबंधही पाडतील.

नावं बदलतात, खरं आहे. कीटकशास्त्रज्ञ बिंगहॅमच्या १८९७च्या ग्रंथात रोपॅलिडिया हा वंश ‘इकेरिया’ नावाने आहे. ते नाव १८५३चं, रोपॅलिडिया १८३१चं. नियमाने जुन्याचा मान, म्हणून इकेरिया गेलं. यात लहर कसली? शिवाय माग पुसत नाही: मार्जिनाटापुढे त्या जातीला प्रथम नाव देणारा लेपेलेतिए आणि साल १८३६ कंसात छापतात. कंसाचा अर्थ, त्याने ती दुसऱ्या वंशात घातली होती. (१ नोव्हेंबर २०१४ला या शहराचं इंग्रजी नाव बदललं. तरी आमच्या गृहस्थांची पत्रं अजून पोचतात.)

आमचा दावा मोठा नाही. नाव नेमकं असलं की इथली नोंद दुसऱ्या कुणाला ताडून पाहता येते, चुकली तर खोडता येते. म्हणूनच अभ्यासलेल्या घरट्यावरची एखादी माशी टाचणीला लावून, चिठ्ठीसकट जपायची. उद्या एका जातीच्या दोन ठरल्या, तर जुनी नोंद कुणाच्या नावावर टाकायची ते त्या माशीवरून तपासता येईल.