ड्रॅगन पॅलेस : सहल की दर्शन?

मागच्या हिवाळ्यात आमच्या वर्गाची सहल नागपूरजवळच्या कामठीला, ड्रॅगन पॅलेस बुद्धविहार पाहायला गेली होती. जपानच्या नोरिको ओगावा यांच्या दानातून उभे राहिलेले हे विहार १९९९ साली खुले झाले. पांढरीशुभ्र वास्तू, भोवतीची बाग, चंदनाची बुद्धमूर्ती आणि तेथली शांतता! पाहताक्षणीच मन हरखून जाते.

पण आम्ही पाच मिनिटे तरी शांत राहिलो का? हिरवळीच्या कडेला एक म्हातारी हात जोडून, डोळे मिटून बसली होती. ती आमच्या फोटोत येत होती. आमच्यापैकी कोणीतरी म्हणाले, "आजी, जरा सरका ना बाजूला." ती मुकाट्याने सरकली. फोटो छान आला. त्यात मीही आहे, हसतो आहे.

घरी आजीला तो फोटो दाखवला. तिने उभे आयुष्य विड्या वळल्या. त्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिला. फोटो निरखून ती म्हणाली, "केवढी साफ जागा हाय! मले काहून नाही नेलं रे?" मला ती सरकलेली म्हातारी आठवली आणि मान खाली गेली.

कामठी हे विडी कामगारांचे गाव. त्यांची संघटना बांधणारे आणि 'जयभीम' या अभिवादनाचे जनक मानले जाणारे बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) याच गावचे. अशा गावात असे उद्यान फुलावे, याला अर्थ आहे. सौंदर्य ही काही श्रीमंतांची मक्तेदारी नव्हे. तंबाखूच्या धुळीत जन्म गेलेल्यांनाही हिरवळीवर निवांत बसण्याचा हक्क आहे.

काही जण म्हणतात, पर्यटकांमुळे पावित्र्य जाते, त्यांना येऊच देऊ नये. मला हे पटत नाही. आमच्यातील कित्येकांनी आजवर विहाराची पायरी चढली नव्हती. बागेच्या ओढीने का होईना, ते आले. दार उघडेच हवे. प्रश्न आहे तो आत आल्यावर कसे वागायचे, हा.

जपानमध्ये क्योटो येथे र्योआन-जी मंदिराच्या अंगणात पांढऱ्या खडीवर १५ दगड मांडलेले आहेत. ओसरीवर कुठेही बसा, एक तरी दगड नजरेआड राहतोच. सगळे एकदम पाहून होत नाही, म्हणून तर तेथे स्वस्थ बसायचे! आमच्या फोटोतूनही काही सुटले. पण ते आम्हीच बाजूला सारले होते.

मित्रहो, पुढच्या सहलीत पहिला अर्धा तास मोबाईल पिशवीत ठेवू या. एवढे आपल्याला जमणार नाही का?

येत्या अशोक विजयादशमीला मी आजीला कामठीला नेणार आहे. तिला कोणी "बाजूला सरका" म्हणालेच, तर त्याच्यावर रागावण्याचा अधिकार मला नाही. मी त्याला माझा तो फोटो दाखवीन.

— द्वितीय वर्ष, कला