साहेब, सकाळी पाठवा

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद. लॉकडाउनमध्ये शाळा मोबाइलवर आली. शाळा पुन्हा भरली तरी मोबाइल मुलांच्या हातून सुटेना, म्हणून गावाने हा नियम केला. उत्तम केलं. पण पुण्या-मुंबईतल्या नोकरदारासाठी भोंगा कोण वाजवणार? रात्री साडेदहाला ऑफिसच्या ग्रुपवर साहेब लिहितात, ‘घाई नाही, सवडीने बघा.’ निळ्या टिका उमटल्या की सवड संपली! आणि मेसेज आलाच नाही, तरी तो येईल या धास्तीने कान टवकारलेलेच. जेवताना फोन ताटाशेजारी, झोपताना उशीशी. माणसाला काम थकवतं त्याहून जास्त ही ताटकळ थकवते, असं माझं मत. तिची ना हजेरीपटावर नोंद, ना ओव्हरटाइम. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. मात्र १९७० नंतर संसदेत एकही खासगी विधेयक मंजूर झालेलं नाही. तेव्हा कायद्याची वाट न बघता साहेबांनाच विनंती: रात्री ग्रुपवर लिहिण्याऐवजी ईमेल करा; ईमेलला पाठवण्याची वेळ लावून ठेवायची सोय असते, ती वापरा आणि सकाळी दहाची वेळ लावा.