पालकसभेला न येणाऱ्यांच्या घरी कोण जाणार?



दिवाळीच्या सुट्टीआधी शाळाशाळांत पालकसभा भरतात आणि दर वर्षी तीच तक्रार ऐकू येते : ज्यांनी यायला हवं, नेमके तेच पालक येत नाहीत. तक्रार खरी आहे. पण खानवेल, दुधनीकडच्या पाड्यावरून सिल्वासाला यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. कारखान्यात रात्रपाळी करून आलेला बाप सकाळी दहाला सभेत कसा बसेल? त्यात २०११च्या जनगणनेनुसार दादरा-नगर हवेलीत स्त्रियांची साक्षरता जेमतेम ६४ टक्के. अनेक आयांना प्रगतिपुस्तक वाचता येत नाही. शाळेत चारचौघांत ते हाती घेण्याची लाज वाटते, मग त्या येतच नाहीत.

म्हणून शिक्षकानेच घरी जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. अर्धा तास ओट्यावर बसलं की वर्षभर वर्गात न कळलेलं कळतं. अभ्यासाला दिवा आहे का, थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळते का, भातकापणीनंतर कुटुंब कामाला बाहेरगावी जाणार आहे का, हे गुणपत्रिकेत कुठे लिहिलेलं असतं? घरात वारली बोलणारं पोर वर्गात गप्प राहतं. त्याला ‘ढ’ ठरवण्याआधी त्याच्या आजीशी चार शब्द बोलून बघावं. आणि आपल्या पोराचे गुरुजी घरचा कोरा चहा पिऊन गेले, हे आईबाप विसरत नाहीत. पोराला शाळेतून काढायची वेळ आली, तर आधी गुरुजींना विचारतात. मुलींच्या बाबतीत हे विचारणंच पुष्कळदा शिक्षण वाचवतं.

यात नवीन काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ साली त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेल्या. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्येही पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य मानलं आहे. आणि आपण ख्रिस्ती लोकांनी तर जक्कयाची गोष्ट विसरू नये. प्रभू येशूने त्याला बोलावणं धाडलं नाही, स्वतः त्याच्या घरी गेला.

एक अडचण उघड बोलायला हवी. ख्रिस्ती शाळेचा शिक्षक आदिवासी घरी गेला की काहींच्या मनात शंका येते. त्यावर उपाय घरी बसणं हा नव्हे. भेट सर्व मुलांच्या घरी व्हावी, कॅथलिक असो वा नसो. आधी निरोप द्यावा, दोघा शिक्षकांनी मिळून दिवसाउजेडी जावं. बोलणं फक्त मुलाबद्दल, धर्माची गोष्ट काढायची नाही. पहिल्या भेटीत तक्रारही सांगू नये. मुलाचा एक चांगला गुण सांगावा आणि बाकी वेळ ऐकून घ्यावं.

शिक्षकांवर आधीच कामाचा बोजा आहे, हे मला मान्य आहे. म्हणूनच हे काम त्यांच्या सुट्टीत ढकलू नये. महिन्यातून एका शनिवारी शाळेने अर्धा दिवस द्यावा, येण्याजाण्याचा खर्च द्यावा, आणि भेटीचा आणखी एक फॉर्म भरायला लावू नये. फोटो काढून ग्रुपवर टाकायची तर मुळीच गरज नाही.

आपल्या धर्मग्रामांतले फादर आणि शाळांचे मुख्याध्यापक यांनी नाताळापूर्वी निदान एका इयत्तेपासून सुरुवात करावी. जे पालक गेल्या सभेला आले नाहीत, त्यांची यादी शाळेकडे आहेच. पहिल्यांदा त्यांच्याच दारी जावं. जोडीला माणूस कमी पडत असेल, तर आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकांना हाक मारा. पाड्यांच्या वाटा अजून पाठ आहेत.

— एक निवृत्त शिक्षक, सिल्वासा