आपला प्राणी कोणता?

मार्गशीर्षी पौर्णिमेस दत्तजन्माच्या कीर्तनास उभे राहिलो, की पूर्वरंगात आम्ही श्रोत्यांस एक प्रश्न हमखास विचारतो. आपल्या स्वभावाशी जुळणारा प्राणी निवडावयाचा झाला, तर आपण कोणता निवडाल? कोणी सिंह म्हणतो, कोणी वाघ, कोणी गरुड. ‘मी मासा’ असे म्हणणारा श्रोता आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. श्रोत्यांस तरी दोष का द्यावा? ‘पुरुषव्याघ्र’सारख्या समासांसाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र रचले, इतकी ही हौस जुनी आहे.

परंतु श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजास आपले २४ गुरू सांगणारा अवधूत पाहावा. परंपरा त्यास श्रीदत्तात्रेयच मानते. त्या २४ गुरूंत पशु, पक्षी, कीटक मिळून ११ जीव आहेत. त्यांत सिंह नाही, वाघ नाही, गरुडही नाही. हत्ती आहे, पण पराक्रमासाठी नव्हे. हत्तिणीच्या स्पर्शमोहाने तो बांधला जातो म्हणून. पतंग रूपाला भुलून जळतो, हरिण गीताला भुलते, मासा जिभेपायी गळास लागतो. थोडे थोडे वेचणारी मधमाशी आणि मिळेल त्यात तृप्त राहणारा अजगर गुणासाठी आले आहेत, हे खरे. पण त्यांतही मिरवण्याजोगे काही नाही.

म्हणून आमचे नम्र मत असे, की आपला प्राणी शोभेसाठी निवडू नये. आपण कोणत्या जाळ्यात सापडतो, हे पाहून निवडावा.

आमचा प्राणी कपोत आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले. पिले पारध्याच्या जाळ्यात अडकलेली पाहून कपोती जाळ्यात शिरते, आणि तिच्यामागून शोकाने भान हरपलेला कपोतही. नाथांनी शके १४९५ मध्ये काशीस पूर्ण केलेल्या टीकेमुळे ही कथा मराठी माणसास घरची झाली. ती लावून आम्ही वर्षानुवर्षे श्रोत्यांचे डोळे ओले केले. त्याच काळात आमच्या मुलाने कीर्तनाची गादी न चालविता परगावी नोकरी धरली, आणि आम्ही त्याच्याशी दोन वर्षे अबोला धरला. त्यास आम्ही कर्तव्यनिष्ठा म्हणत होतो. एका रात्री कपोताचे आख्यान सांगता सांगता आमचाच कंठ दाटला. श्रोत्यांस तो रंग वाटला. आम्ही मात्र त्या रात्री घरी येऊन मुलास पत्र लिहिले.

ग्रंथ तोच, कथा तीच. गुरू तेवढा त्या रात्री प्रथम भेटला. सिंह म्हणविणाऱ्यास शिकण्यासारखे काही उरत नाही. कपोत म्हणवून घेणाऱ्यास निदान जाळे तरी दिसू लागते. यंदाच्या दत्तजयंतीस पाळणा हलविताना वाचकांनी हा प्रश्न स्वतःस एकदा विचारावा, आणि पहिले उत्तर सोडून द्यावे.