आऊट काढायचा की ब्रेक सैल करायचा?



परवा सकाळी फिरून परत येताना बदलापूरच्या आमच्या रस्त्यावर एक पाववाला मुलगा दिसला. कॅरिअरला पावाचा क्रेट बांधलेला आणि पुढचं चाक असं डुलत होतं, की बघणाऱ्यालाच चक्कर यावी. चहाच्या टपरीपाशी तो पाय घासत थांबला. जवळून पाहिलं तर ब्रेकची रबरं रिमपासून बोटभर लांब!

"अरे, ब्रेक लागत नाही का?" मी विचारलं.

"लागायचा आजोबा. पण चाक घासत होतं, म्हणून सैल केला."

हे वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना. कारण हेच मी स्वतः केलं होतं, 1979 साली.

ज्यांनी सायकल दुरुस्तीच्या दुकानात तास घालवलेले नाहीत, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चाक वाकडं फिरू लागलं, की त्याला 'आऊट आला' म्हणतात आणि सरळ करण्याला 'आऊट काढणं'. जुन्या काळ्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 तारा असत. निम्म्या तारा रिमला डावीकडे ओढतात, निम्म्या उजवीकडे. या ओढाताणीत समतोल आहे म्हणून चाक सरळ! एक तार तुटली की रिम दुसऱ्या बाजूला झुकते, तुटलेल्या तारेचा भार शेजारच्या तारांवर पडतो आणि मग त्याही एकेक करून तुटतात. झुकलेली रिम दर फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासते. हे घासणं म्हणजे चाकाची तक्रारच. आपण काय करतो? चाक तसंच ठेवतो आणि ब्रेक सैल करतो. आवाज थांबतो. सायकल छान पळते. फक्त थांबत नाही.

तेव्हा मी अंबरनाथच्या एका शाळेत शिकवत होतो. बदलापूरहून आठेक किलोमीटर सायकलने जायचो. पावसाळ्यात पाण्याखालचा खड्डा दिसला नाही आणि पुढच्या दोन तारा गेल्या. महिनाअखेर होती. खर्च किरकोळ होता, पण 'पगार झाला की बघू' म्हणून मी ब्रेक सैल केला. चौथ्या दिवशी आठवीतल्या एका मुलाला डबलसीट घेऊन निघालो. उतारावर समोर म्हशी आल्या, मी ब्रेक दाबला तो नुसताच हातात आला. आम्ही दोघं गटारात. मला खरचटलं, त्याचं मनगट मोडलं.

संध्याकाळी त्याचे वडील घरी आले. कारखान्यातून सुटून थेट आले होते. मी मान खाली घालून बोलणी खायला तयार होतो. ते म्हणाले, "सर, तुम्हाला फार लागलं नाही ना?" ते ओरडले असते तर बरं झालं असतं. खरं काय घडलं, ते मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही. 'म्हशी आडव्या आल्या' एवढंच सांगितलं. आज पहिल्यांदा लिहितो आहे.

म्हणून त्या पाववाल्याला मी उपदेश केला नाही. वाकडं चाक चालवणारा माणूस बेफिकीर असतोच असं नाही. बहुतेकदा त्याला कामाचा खाडा परवडत नाही. आपल्याकडे याला चपखल शब्द आहे, दुखणं अंगावर काढणं. घरोघरच्या बायकांनी वर्षानुवर्षं हेच केलं. ताप आहे, पण डबे झाले पाहिजेत!

यात रस्त्याचाही वाटा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये आदेश दिला, की खड्ड्यामुळे कोणाचा जीव गेला तर वारसांना 6 लाख रुपये भरपाई द्यावी. चांगलं झालं. पण जीव जाण्याआधी चाक जातं, आणि त्याचा हिशेब कुठेच लागत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात पाव, पेपर, इस्त्रीचे कपडे अजूनही बऱ्याच ठिकाणी सायकलवरून येतात. 3 जूनला जागतिक सायकल दिनाचे फोटो आपण एकमेकांना पाठवतो. त्यात ही सायकल मला अजून दिसलेली नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ज्याच्या सायकलवरून आपल्या घरी काही येतं, त्याच्या चाकाकडे एकदा बघावं. वाकडं दिसलं तर दुरुस्तीचे पैसे द्यावेत, आणि मुख्य म्हणजे वेळ द्यावा. 'आज उशीर का?' हा प्रश्न जरा गिळावा. आणि झाडाखाली हवेचा पंप घेऊन बसणाऱ्या सायकलवाल्याला 'अतिक्रमण' म्हणून हटवायची तक्रार करण्याआधी दोनदा विचार करावा.

असो. त्या मुलाला घेऊन मी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेलो. त्याने चाक फिरवत रिमजवळ खडू धरला. जिथे आऊट होता, तिथेच पांढरी रेघ उमटली. आयुष्यभर खडू धरूनही त्याचा हा उपयोग मला ठाऊक नव्हता! चावीने तो एकेक तार कसत, सैल करत होता आणि पोरगं सारखं मोबाइलवर वेळ बघत होतं. शेवटी पुढच्या दोन टपऱ्यांवर मीच चालत जाऊन निरोप दिला, पाव जरा उशिरा येईल.

वीस मिनिटं उशीर झाला. कोणी उपाशी राहिलं नाही.