लोकरीपुरतेच नाटक?

युद्धकाळात हौशी नाटके कशाला, असे कोणी विचारले की नाटकाचे कैवारी लगबगीने मदतनिधीचा आकडा पुढे करतात. हा बचाव नाटकाचा अपमान आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारताच ब्रिटिश सरकारने सारी नाट्यगृहे बंद केली. बर्नार्ड शॉ यांनी त्यावर कडाडून टीका केली. काही आठवड्यांतच पुष्कळशी नाट्यगृहे पुन्हा उघडली. ती काय निधीसाठी?

१९४१ च्या नाताळात विंडसर किल्ल्यात राजकन्या एलिझाबेथ व मार्गारेट यांनी शाळकरी मुलांसह ‘सिंड्रेला’चा प्रयोग केला. उत्पन्न सैनिकांसाठी विणायच्या लोकरीला गेले, हे मान्य. परंतु बॉम्बच्या धास्तीत, काळ्या पडद्यांआड दिवस कंठणाऱ्या मुलांनी एक संध्याकाळ राजवाडा उभा केला, त्याची नोंद कोणत्या खतावणीत करायची? छदामही जमला नसता, तर तो प्रयोग व्यर्थ ठरला असता काय?