ओपिनेल, विळी आणि चाकूची किंमत

आमच्या घरात गेली पाच-सहा वर्षं एक वाद चालू आहे. चार माणसं जमली आणि जेवणं आटोपली की तो हमखास निघतो. विषय राजकारण नाही, जमीन नाही, तर एक चाकू! ओपिनेल नावाचा, फ्रेंच, लाकडी मुठीचा, मिटणारा. एक पक्ष म्हणतो, "एवढ्या पैशात बाजारात चार सुऱ्या येतात." दुसरा पक्ष (ह्यात बहुतेक परदेशी राहून आलेली मंडळी) म्हणतो, "ह्याच्यासारखा खिशातला चाकू जगात नाही." मला दोन्ही पटत नाहीत. दर वेळी बोलता बोलता पान येतं आणि वाद अर्धाच राहतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच टाकतो.

आधी थोडी माहिती, कारण निम्म्या मंडळींना हा चाकू स्विस वाटतो. तो लाल मुठीचा, कात्री-स्क्रूड्रायव्हरवाला, तो वेगळा. ओपिनेल फ्रान्समधल्या सावोय प्रांतातला, आल्प्सच्या कुशीतला. जोसेफ ओपिनेल ह्या तरुणाने तो १८९० मध्ये पहिल्यांदा बनवला. त्याच्या घरी पिढीजात धंदा कुऱ्हाडी, कोयते असली धारेची अवजारं घडवायचा, म्हणजे आपल्याकडच्या लोहाराच्या घरातलाच पोरगा म्हणा ना. १८९७ पर्यंत त्याने १ ते १२ अशा क्रमांकांचे बारा आकार केले. त्यातले १ आणि ११ हे १९३५ मध्ये बंद झाले. सगळ्यात खपतो तो ८ नंबर. पातं साडेआठ सेंटिमीटरचं आणि वजन पन्नास ग्रॅमसुद्धा नाही. फ्रान्समध्ये हा चाकू इतका घरोघरी आहे की १९८९ मध्ये लारुस शब्दकोशात 'ओपिनेल' हा शब्दच दाखल झाला. आपल्याकडे डालडा आणि झेरॉक्सचं झालं, तसंच काहीसं.

आमच्याकडे तो २०१९ च्या मे महिन्यात आला. ग्रनोबलला राहणाऱ्या मामेबहिणीने मामासाठी दोन आणले, दोन्ही ८ नंबर. एक कार्बन स्टीलचा आणि एक स्टेनलेसचा. मामाची कोकणात आंब्याच्या कलमांची छोटी नर्सरी आहे. त्यामुळे ह्या चाकूंची परीक्षा माझ्यासारख्या सफरचंद कापणाऱ्या माणसाच्या हातून झाली नाही, तर ज्याच्या पोटापाण्याचा भाग धारेवर अवलंबून आहे अशा माणसाच्या हातून झाली. मी फक्त सुट्टीत जाऊन निरीक्षणं करणारा, आणि आयतं आंबे खाणारा.

तर पहिला मुद्दा. कुठल्याही वस्तूचा दर्जा बघताना मी एक प्रश्न विचारतो: बनवणाऱ्याने पैसे कुठे घातले आणि कुठे वाचवले? ओपिनेल हातात घेतला तर उत्तर सरळ दिसतं. चाकूचे एकूण भाग पाच: पातं, मूठ, खिळा, एक पक्की कडी आणि तिच्यावर फिरणारी दुसरी कडी. संपला चाकू. मूठ साध्या बीच लाकडाची, वर पातळ वॉर्निश. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही, नक्षी नाही. फिरणारी कडी जोसेफच्या मुलाने, मार्सेलने, १९५५ मध्ये बसवली. ती फिरवली की उघडं पातं अडकतं आणि बोटांवर मिटत नाही. २००० पासून ती मिटलेलं पातंही अडकवते, म्हणजे खिशात चुकून उघडायची भीती गेली. बाकी सगळा पैसा पात्यात. पातं पातळ, दोन मिलिमीटरच्या आत, आणि पाठीपासून धारेपर्यंत हलकीशी फुगीर उतरण असलेलं. पातळ असल्यामुळे ते पदार्थात शिरतं, पाचरीसारखं तो फाडत नाही. गाजर कापून बघा, लगेच कळेल. जाड पात्याच्या 'दणकट' चाकूने गाजर कट्टकन तुटतं, ह्याने ते कापलं जातं.

बाजारातल्या स्वस्त फोल्डिंग चाकूत नेमकं उलटं असतं. मूठ झकास, रबराची पकड, वर काळा रंग, पट्ट्याला अडकवायची क्लिप, आणि पातं म्हणजे कसला तरी मऊ पत्रा. पहिल्या दिवशी धार असते. पंधरा दिवसांनी टोमॅटोची साल दबते, पण कापत नाही. मग आपण म्हणतो, "गेला." गेला कुठे? तो मुळात आलाच नव्हता.

दुसरा मुद्दा विळीचा. कार्बन स्टीलच्या ओपिनेलबद्दल शहरातल्या लोकांची ठरलेली तक्रार म्हणजे तो काळा पडतो. लिंबू कापलं, कैरी कापली, की पात्यावर करडे-निळे डाग. नाजूक फळाला लोखंडी वास येतो. धुऊन ओला ठेवला तर तांबडा गंज. एका नातेवाईकांनी तर हा डुप्लिकेट माल आहे असा निकालही दिला होता. मामाने मात्र पहिल्याच दिवशी बघितलं आणि म्हणाला, "अरे, ही तर आपली विळीच, मिटणारी!"

मला वाटतं ह्या एका वाक्यात अख्खं परीक्षण आलं. आपल्या आज्या ज्या विळीवर बसून आयुष्यभर भाजी चिरत आल्या, तिचं पातं काळंच असायचं. कैरीने काळं पडायचं, कांद्याला कधी कधी त्याचा डाग लागायचा, आणि काम झालं की ते पुसून, कोरडं करून, भिंतीशी उभं केलं जायचं. कोणी त्याला खराब माल म्हटलं नाही. तो काळा थर बसला की तांबडा गंज थोडा लांब राहतो, हे घरात कोणी न शिकवताही सगळ्यांना माहीत होतं. स्टेनलेस घरात आलं आणि आपण चकाकीलाच दर्जा समजायला लागलो. आता काळं पातं म्हणजे वाईट पातं! मामा कार्बनच्या पात्याला काम संपल्यावर खोबरेल तेलाचं बोट लावतो. बस्स, एवढीच त्याची सेवा.

ह्या स्टीलचा खरा फायदा कळतो तो धार लावताना. साध्या धारेच्या दगडावर, पाणी मारून, पाच-सात मिनिटांत मामा ते परत दाढी करण्याइतकं तेज करतो. (मनगटावरचे केस काढून दाखवायची त्याला भारी हौस.) स्टेनलेसलाही धार चांगली येते, पण दगडावर जरा जास्त घासावं लागतं. मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. असला पातळ चाकू सायकलच्या चाकावरच्या धारवाल्याकडे देऊ नका. कोरड्या फिरत्या दगडावर ठिणग्या उडतात, पातळ धार तापते, आणि तापून निळी पडली की पाण्याची गेली. कोयत्याला ते चाक ठीक, ह्याला नाही.

आता पावसाळा. इथे मात्र ओपिनेलची खरी गोची होते, आणि भक्तमंडळी हे सांगत नाहीत. कोय कलमं बांधायचा हंगाम ऐन पावसाळ्यातला. कोयीतून आलेलं, अजून तांबूस पानांचं कोवळं रोप छाटायचं, मध्ये चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. काप एका फटक्यात, गुळगुळीत यायला हवा. उंचसखल झाला तर साल सालीला भिडत नाही आणि कलम मरतं. मेलेलं कलम म्हणजे गेलेले पैसे, आणि त्या काडीपुरता गेलेला हंगाम.

तर अशा हंगामात, कोकणच्या तीन हजार मिलिमीटरच्या वरच्या पावसात, बीचची मूठ फुगली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पातं मुठीत असं रुतून बसलं की नखाने निघेना. सावोयमधल्या लोकांनाही ही अडचण आहेच. मुठीचा मागचा भाग टेबलावर ठोकायचा म्हणजे पातं थोडं बाहेर येतं, ही त्यांची जुनी युक्ती, आणि तिला चक्क 'सावोयवाल्यांचा ठोका' असं नाव आहे. मामाने दोन दिवस ठोकलं, मग वैतागून दोन्ही चाकू माळ्यावर टाकले. दिवाळीनंतर लाकूड सुकलं तेव्हा त्याने पॉलिश पेपरने वॉर्निश काढलं, खाच आतून थोडी घासली आणि मुठीला जवसाच्या तेलाचे तीन-चार हात दिले. पुढच्या पावसाळ्यात पातं जड उघडलं, पण उघडलं.

ह्यावर दोन प्रकारे बोलता येतं. एक, विकत घेतलेल्या वस्तूवर आपण का मेहनत करायची? हा प्रश्न रास्त आहे, आणि कोकणात राहणाऱ्याला हा चाकू डब्यातून काढून जसाच्या तसा वापरता येत नाही, हे दोष म्हणूनच लिहायला हवं. दुसरं म्हणजे, दोष असा आहे की जो पॉलिश पेपर आणि तेल घेऊन घरच्या माणसाला दुरुस्त करता येतो. स्वस्त चाकूचं मऊ पातं कुठल्या तेलाने कडक होणार?

आणखीही दोष आहेत. कडीत आंब्याचा चीक आणि माती जाऊन ती अडकते. ती पकडीने काढून साफ करता येते, पण पात्याचा खिळा ठोकून बसवलेला असल्यामुळे चाकू पूर्ण उघडता येत नाही. टोक नाजूक आहे. डब्याचं झाकण उचकटायला वापरलंत तर मोडेल, आणि दोष तुमचा असेल. उघडायला दोन हात लागतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कलमाचा काप. मामा तो काप अजूनही दाढीच्या ब्लेडने घेतो! काही रुपयांचं ब्लेड, धार कुठल्याही चाकूच्या वरची, बोथट झालं की फेकलं. ज्या कामासाठी मुलीने एवढ्या लांबून चाकू आणला, त्या कामात तो ब्लेडपुढे हरला. पण काड्या छाटणं, पाला काढणं, सुतळी आणि गोण्या कापणं, आणि मधल्या सुट्टीत कैरीला तिखट-मीठ लावून फोडी करणं, ह्या सगळ्याला ओपिनेलच हातात असतो. पावसात स्टेनलेसचा, उन्हाळ्यात कार्बनचा. पहिल्या फसलेल्या पावसाळ्यानंतर त्याने दोन्हीपैकी एकही परत माळ्यावर टाकलेला नाही, हे मी बघितलं आहे. मामासारखा चिकट माणूस प्रेमापोटी अवजार वापरत नाही.

राहता राहिली किंमत. साधा ८ नंबर फ्रान्समध्ये साधारण १०-१५ युरोंना मिळतो. तिकडे हा चैनीचा चाकू नाहीच, शेतकऱ्याच्या आणि शाळकरी पोराच्या खिशातला आहे. आपल्याकडे येईपर्यंत त्याची किंमत चढते आणि मग तो 'इम्पोर्टेड' होऊन शोकेसमध्ये बसतो. तिथेच त्याचं मोल बिघडतं. कंपनीही आता शिंगाच्या, आबनुसाच्या, ऑलिव्हच्या लाकडाच्या मुठी काढते, काहींची पाती आरशासारखी घासलेली असतात, आणि त्यांचे दर साध्या चाकूच्या कितीतरी पट. एका मॉडेलला तर शिट्टी आहे! दिसायला सुंदर आहेत, नाही म्हणत नाही. पण त्या जास्तीच्या पैशात धार वाढत नाही. ओपिनेलचं जे मोल आहे, ते पैसे पात्यात घालून बाकी सगळं साधं ठेवण्यात आहे. मुठीला जास्त पैसे देणारा माणूस त्या स्वस्त चाकूवाल्यासारखाच हिशेब करतो, फक्त वरच्या दराने.

म्हणून 'चार सुऱ्या' पक्षाला माझं म्हणणं असं: चार सुऱ्या जरूर घ्या, पण मग त्यांना धार लावून दाखवा. लागत नसेल, तर तुम्ही एक सुरी चार वेळा विकत घेतलीत. आणि 'जगात भारी' पक्षाला एवढंच, की घरात धारेचा दगड नसेल तर ओपिनेलही सहा महिन्यांत बोथट होतो आणि मग त्याच्यात आणि बाजारच्या चाकूत फरक उरत नाही. चाकूच्या किमतीत दगडाची किंमत आणि तुमची दर महिन्याची दहा मिनिटं धरा. ती द्यायची तयारी असेल तर हा चाकू त्याच्या मूळ किमतीला स्वस्त आहे, आणि तिप्पट किमतीला मात्र घेऊ नये.

घ्यायचाच असेल तर साधी बीचची मूठ, ८ नंबर. घाटावर कोरड्या हवेत राहत असाल आणि पुसून ठेवायची सवय असेल तर कार्बन. कोकणात, गोव्यात, मुंबईत राहत असाल, किंवा घरात चाकू सिंकमध्ये टाकून जाणारी माणसं असतील (आमच्याकडे आहेत, नाव घेत नाही) तर मुकाट्याने स्टेनलेस. आणि पहिल्या पावसाच्या आधी मुठीला जवसाचं तेल.